पिंप आणि लिलाव : पोर्तुगीज पांढऱ्या वाइनच्या निमित्ताने

मराठीत मुरलेल्या पोर्तुगीज शब्दांची यादी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत केव्हा तरी पाठ केलेली असते. पगार, चावी, बादली, घमेले, तुरुंग, पाव, काजू, अननस हे शब्द आता इतके घरचे झाले आहेत की ते समुद्रापलीकडून आले, याची आठवण मुद्दाम करून द्यावी लागते. या यादीतले दोनच शब्द प्रस्तुत लेखासाठी आम्ही वेगळे काढले आहेत. पहिला ‘पिंप’. तो पोर्तुगीज ‘पीपा’वरून आला आणि पीपा म्हणजे मुख्यतः वाइन भरून ठेवण्याचे मोठे लाकडी पात्र. दुसरा ‘लिलाव’, त्याचेही मूळ पोर्तुगीजच.

पिंप आपल्या अंगणात आले आणि आपण त्यात पाणी भरले, धान्य भरले, पुढे रॉकेलही भरले. ज्या पेयासाठी ते घडवले गेले होते, ते मात्र आपल्यापर्यंत पोहोचले नाही. लिलाव आला तो मात्र कायमचा. निजामी मुलखातल्या आपल्या वाडवडिलांनी त्याला ‘हर्रास’ म्हटले, गोव्याकडे ‘पावणी’ म्हटले. पण नाव कोणतेही असो, आपल्याकडच्या ताडी-शिंदीचे नशीब गेल्या दीडशे वर्षांत या एका व्यवहाराने ठरवले. पोर्तुगालच्या उत्तरेकडील शेतकऱ्याच्या अशाच एका साध्या, हलक्या, आंबूस पेयाचे नशीब त्याच काळात दुसऱ्याच वाटेने गेले. ते का आणि कसे, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या वाचकांमध्ये माळकरी घराणी पुष्कळ आहेत. गोदावरी-पैनगंगेकडून इकडे आलेल्या कित्येक कुटुंबांनी गळ्यातली तुळशीची माळ जपली आणि कोणत्याही पेयाला घरात थारा दिला नाही. त्या नियमाविषयी आम्हांला आदरच आहे आणि कोणी काय प्यावे हे सांगण्यासाठी हा लेख नाही. चवीचा इतिहास हा राज्यकारभाराच्या इतिहासाचाही एक भाग असतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

समुद्राने गाळून घेतलेली वाइन

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला. १५१० साली गोवा आणि १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई सोडवली. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. एवढ्या दीर्घ सहवासात त्यांच्या ताज्या पांढऱ्या वाइनची ओळखसुद्धा आपल्याला झाली नाही, याचे कारण प्रथम प्रवासात शोधावे लागते.

लिस्बनहून निघालेल्या जहाजाला गोवे गाठण्यास साधारणतः सहा महिने लागत. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. वाइन हा खलाशांच्या शिध्याचा भाग होता. परंतु तळघरातल्या त्या उष्म्यात, हिंदकळणाऱ्या पिंपात, हलकी पांढरी वाइन टिकणे शक्यच नव्हते. तिचा शिरका व्हायचा. टिकत असे ती ऊर्ध्वपातित मद्य घालून जड केलेली वाइन. मदेरा बेटावरच्या वाइनची गोष्ट या संदर्भात प्रसिद्ध आहे. उष्ण कटिबंधातून फिरून परत आलेल्या पिंपांतली वाइन बिघडण्याऐवजी अधिक चांगली झालेली आढळली आणि अशा प्रवासी वाइनला ‘व्हिन्यो दा रोदा’, म्हणजे फेरी करून आलेली वाइन, असे नावच पडले. पुढे तिकडच्या उत्पादकांनी जहाजाचा खटाटोप टाळून बेटावरच वाइन तापवण्याची पद्धत काढली.

तात्पर्य असे की, समुद्राने पोर्तुगालची वाइन गाळून घेतली. जड, गोडसर, तपकिरी ती पूर्वेकडे आली. पाण्यासारखी निवळ आणि आंबूस ती मायदेशीच राहिली. गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांना मग स्थानिक पेयांकडे वळावे लागले. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात माडाची ‘सूर’ आणि तिच्यापासून काढलेला अर्क यांची नोंद केली आहे. पावासाठी आंबवण मिळेना, तेव्हा गोव्याच्या भटारखान्यांत याच सुरेने पीठ फुगवले जाऊ लागले. ज्या पावाला आपण पोर्तुगिजांची देणगी समजतो, तो आपल्या माडाच्या रसाने फुगलेला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

मिन्योकाठची हिरवी वाइन

मायदेशी राहिलेली ती वाइन कोणती? तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘व्हिन्यो व्हेर्द’. शब्दशः अर्थ हिरवी वाइन. पण हिरवा हा रंग नव्हे, वय आहे. आपण कोवळ्या चिंचेला हिरवी चिंच म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पोर्तुगालच्या वायव्येला मिन्यो नावाचा प्रांत आहे. देशातला हा सर्वांत पावसाळी भागांपैकी एक. जमीन ग्रॅनाइटच्या खडकाची, शेते लहान आणि कुटुंबे मोठी. तेव्हा शेतकऱ्याने द्राक्षाचा वेल जमिनीवर न पसरता झाडांवर आणि उंच मांडवांवर चढवला आणि खालच्या जागेत मका व भाजीपाला केला. उंच आणि सावलीत वाढलेली द्राक्षे पुरती पिकत नसत; त्यांत साखर कमी आणि आंबटपणा अधिक राही. त्यामुळे वाइनही हलकी होई. आजही साध्या व्हिन्यो व्हेर्दमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः साडेआठ ते साडेअकरा टक्के असते.

या वाइनचा दुसरा विशेष म्हणजे जिभेला जाणवणारा बारीक बुडबुडा. पूर्वी बाटलीत भरल्यानंतरही तिच्यातले एक आम्ल दुसऱ्या सौम्य आम्लात पालटत राही आणि त्या क्रियेत सुटलेला वायू आतच अडकून बसे. या टोचणीला पोर्तुगीज भाषेत ‘आगुल्या’, म्हणजे सुई, असा शब्द आहे. आज बहुतेक उत्पादक हा वायू बाहेरून भरतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याचप्रमाणे, जुन्या काळी मिन्योच्या शेतकऱ्याच्या घरी जी हिरवी वाइन असे, ती बहुतांशी तांबडी असे. पांढरीचा बोलबाला विसाव्या शतकातला.

द्राक्षांच्या जातीही तिकडच्याच. ‘लोरेरो’ हे नाव तमालपत्राच्या जातीतल्या लॉरेल या झाडावरून पडले, कारण तिच्या वाइनला तसला पानांचा आणि फुलांचा वास असतो. ‘आरिंतो’ ही लिंबाच्या सालीसारखी तीक्ष्ण. लिस्बनजवळच्या बुसेलास येथील जुनी, इंग्रजांच्या आवडीची पांढरी वाइनही मुख्यतः तिचीच. आणि ‘आल्वारिन्यो’ ही सर्वांत मानाची. ती मोंसांव आणि मेल्गासू या गावांच्या परिसरात, मिन्यो नदीच्या दक्षिण काठावर पिकते. नदीच्या उत्तर काठावर स्पेन आहे. तेथे याच द्राक्षाला ‘अल्बारिन्यो’ म्हणतात. एक नदी, दोन राज्ये आणि एकाच वेलीला दोन नावे. प्राणहितेच्या काठावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या झाडाला आपण शिंदी म्हणतो, त्यालाच शेजारच्या घरी ईत म्हणतात.

चव घेणे म्हणजे काय

अशी वाइन चाखण्याची रीत सोपी आहे. ती चांगली थंड असावी, साधारण आठ ते दहा अंश. पण बर्फाळ नको, कारण अति थंडीने जीभ बधिर होते आणि वासही बाहेर येत नाही. प्याला एक-तृतीयांशच भरावा. प्रथम उजेडाकडे धरून पाहावे : रंग फिका, किंचित हिरवट झाक असलेला. मग प्याला हलकेच फिरवून वास घ्यावा. नंतर लहान घोट तोंडात घेऊन सगळ्या जिभेवर फिरू द्यावा. ओठांशी बुडबुड्याची टोचणी, जिभेच्या कडांना आंबटपणा, गालांच्या आत सुटलेले पाणी, आणि घोट गेल्यानंतर चव किती वेळ मागे राहते, या चार गोष्टींकडे लक्ष दिले म्हणजे झाले. मिन्योत ती भाजलेल्या तारल्यांबरोबर, खारवलेल्या माशाबरोबर घेतात. तेलकट आणि खारट घासानंतर ती तोंड धुऊन काढते.

या गुणाला मराठीत कोणता शब्द द्यावा, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ‘आंबट’ अपुरा पडतो, ‘चुरचुरीत’ कोरड्या पदार्थाचा, ‘झणझणीत’ तिखटाचा. अखेर ‘तरतरीत’ हा शब्द आम्हांला पटला. उन्हातून आलेल्या माणसाला कैरीच्या पन्ह्याने जी येते ती तरतरी. चांगली पांढरी वाइन डोके जड करण्यापूर्वी जीभ जागी करते, आणि तिचे मोल जिभेच्या त्या जागेपणावरूनच करावे.

बेज्जूरच्या एका सकाळी

पोर्तुगालमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका नातलगाने काही वर्षांपूर्वी अशी एक बाटली बेज्जूरला आणली. माघाचे दिवस होते. ईतीच्या झाडांवर मडकी लटकलेली होती. घरात या बाटलीचे कौतुक करणारे फारसे कोणी नव्हते. म्हणून गावातल्या ज्या वृद्ध गौडाने आयुष्यभर ताड आणि ईत चढून रस उतरवला, त्यांनाच आम्ही सकाळी बोलावले. त्यांनी येताना पहाटे उतरवलेल्या शिंदीचे लहान मडके आणले.

त्यांनी प्याला हाती घेतला तो नाकापाशी नेला. मग उजेडात धरला. मग एक घोट घेऊन तोंडात तसाच ठेवला. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. घोट गिळल्यावर त्यांनी तीन प्रश्न विचारले : “झाड कोणतं, सारू? जमीन कसली? आणि उतरवून किती दिवस झाले?” जगातल्या कोणत्याही जाणकाराने विचारले असते, तेच हे तीन प्रश्न. वय दीड वर्षाचे असेल, असे सांगितल्यावर ते हसून म्हणाले, “आमचं तर एका दिवसात म्हातारं होतं.” बुडबुड्याविषयी विचारले, तेव्हा म्हणाले की जिभेला बारीक मुंगी चावल्यासारखे होते. पोर्तुगिजांना तेथे सुई दिसली, यांना मुंगी.

मग आम्ही त्यांची शिंदी चाखली. पहाटेची, दुधट पाण्याच्या रंगाची, कोवळ्या नारळाच्या वासाची, गोडावर आंबटाची बारीक कड असलेली. तीही हलकीच, ताज्या ताडीतले मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः चार-पाच टक्क्यांच्या आसपास असते. तीही कोवळी, तीही टोचणारी, तीही दूरच्या प्रवासाला न टिकणारी. दुपारपर्यंत गोडवा सरतो, संध्याकाळी ती उग्र होते, दुसऱ्या दिवशी शिरक्याकडे झुकते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे थांबते आणि नीरा मिळते. ईतीच्या बुंध्याला शेंड्याजवळ खाच पाडून रस काढतात. पुढच्या हंगामात खाच समोरच्या बाजूला घेतात, म्हणून जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि त्या वळणांवरून त्याचे हंगाम मोजता येतात. काही दिवस खाच ताजी ठेवून रस घ्यायचा आणि काही दिवस झाडाला विसावा द्यायचा. ताडाची गोष्ट निराळी. तेथे फुलोरा बांधून त्याचे टोक कापतात. नर ताड म्हणजे पोतुताडू आणि मादी ताड यांचा हंगामही वेगळा आणि चवही. हे सारे त्या वृद्धाला तोंडपाठ होते. कोणत्या बांधावरची ईत गोड, कोणत्या ओढ्याकाठची पाणचट, हेही ते झाडागणिक सांगू शकत होते.

जाताना त्यांनी बाटलीवरचा एक लहानसा कागदी शिक्का निरखला आणि तो कशाचा म्हणून विचारले. आम्ही सांगितले की ही वाइन त्या प्रांतातलीच आहे आणि ती तपासून, चाखून मान्य केली आहे, याची ती हमी. त्यांनी आश्चर्याने विचारले, “म्हणजे चव कशी आहे, हे बघायला माणूस नेमलाय?” हा प्रश्न आमच्या मनात पुढे बरेच दिवस राहिला.

ग्रॅनाइटचे खांब आणि झाडांची मोजणी

तो शिक्का एका दीर्घ परंपरेचा शेवटचा दुवा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास दोरू नदीच्या खोऱ्यातल्या पोर्ट वाइनला इंग्लंडमध्ये मोठी मागणी होती आणि मागणीबरोबर भेसळ वाढली. पातळ वाइनला रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस तीत मिसळला जाऊ लागला. विश्वास उडाला, भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा प्रधान, जो पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्याने १७५६ साली एक कंपनी स्थापून दोरूच्या द्राक्षमळ्यांची हद्द ठरवली, हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरची झुडपे उपटून टाकण्याचा हुकूम काढला. त्याचा कारभार सौम्य नव्हता. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ साली पोर्तू शहरात दंगल झाली आणि अनेकांना फाशी देण्यात आले. पण एक तत्त्व त्यातून रुजले : पेयाचे मोल त्याच्या मातीत आणि चवीत आहे आणि त्याचे रक्षण करणे हे राज्याचे काम आहे. याच तत्त्वाने १९०८ साली व्हिन्यो व्हेर्दचा प्रदेश कायद्याने आखला गेला. गरीब शेतकऱ्याच्या आंबूस वाइनला त्या दिवसापासून नाव आणि हद्द मिळाली, आणि पुढे परीक्षकही मिळाला.

त्याच सुमारास आपल्याकडे काय घडत होते? मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा झाला. ताडाच्या झाडावर कर बसला, भट्ट्या एकत्र केल्या गेल्या आणि दुकानांचे लिलाव होऊ लागले. १८९२ साली मोहाच्या फुलांवरही कायदा आला; रानातून वेचून आणलेले फूलही संशयाची वस्तू झाले. गोव्याबाबत इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली जो करार झाला, त्याच्या अन्वये ही आबकारी पद्धत गोव्याच्या माडांवरही चढली आणि करार संपेपर्यंत, म्हणजे १८९२ पर्यंत, राहिली. गंमत अशी की, मायदेशी वाइनला हद्द आखून मान देणाऱ्या राज्याने इथल्या सुरेकडे पाहिले ते इंग्रजांच्याच चष्म्यातून.

आपल्या हैदराबाद संस्थानात आबकारी हे तर राज्याच्या उत्पन्नाचे एक मुख्य साधन होते. १३१६ फसलीचा, म्हणजे सन १९०६-०७ चा, हैदराबाद आबकारी कायदा या भागात दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा आंध्र प्रदेशाच्या १९६८ च्या कायद्याने घेतली. वर्षे पाहावीत : मिन्योची हद्द १९०८ सालची, आपला आबकारी कायदा त्याच्या एक-दोन वर्षे आधीचा. तिकडे प्रश्न होता, हे पेय कोठले आणि कसे आहे. इकडे प्रश्न होता, झाडे किती आणि हर्राशीत बोली किती. झाड कोणाच्याही शेतात असो, त्याला खाच पाडायला परवाना लागे. आम्ही सरकारी नोकरीत असताना जुनी दप्तरे पुष्कळ हाताळली. त्यांत झाडांची संख्या, दुकानाची जागा, मक्त्याची रक्कम, थकबाकी हे सारे रकाने नीटनेटके भरलेले आढळत. चवीचा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता, आणि तो असावा असे तेव्हा आम्हांलाही सुचले नाही.

तुटलेली झाडे, दोन तीरांचे दोन कायदे

पेयाचे रूपांतर महसुलात झाले की त्याचे शत्रूही महसुलाचेच शत्रू होतात. १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद संस्थानात जो लढा झाला, त्यात निजामाच्या तिजोरीवर घाव घालण्यासाठी ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडण्यात आली. त्या लढ्याचा अभिमान आम्हांला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, त्यात त्या कुऱ्हाडींचाही वाटा आहे. तरीही झाडाच्या बाजूने विचार केला तर दिसते ते असे की राज्याला त्यात कर दिसत होता आणि लढवय्याला त्यात राज्य दिसत होते. त्याच्या रसाकडे पाहणारा तेव्हा एकटा गौडच उरला होता, आणि त्याचे कोणी ऐकत नव्हते.

पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले. आपण येथेच राहिलो. बेज्जूरही राहिले आणि २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडू लागले. समोर प्राणहिता वाहते आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा आहे. तेथे १९९३ पासून दारूबंदी आहे. त्याच वर्षी, नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या स्त्रियांनी पेटवलेल्या आंदोलनानंतर, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात अर्क या स्वस्त दारूवर बंदी आली. दोन्ही चळवळींमागचे स्त्रियांचे दुःख खरे होते; ज्यांच्या घरातले धान्य दुकानात गेले, त्यांना चवीचे पुराण सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण नदीच्या एका तीरावर परवाना आणि दुसऱ्या तीरावर बंदी, या दोन कायद्यांत एक गोष्ट समान आहे. पहाटेची हलकी शिंदी आणि भट्टीची जाळून टाकणारी दारू यांतला भेद दोन्हीकडे पुसट झाला.

हा भेद पुसट झाल्याची किंमत गरीब माणूस मोजत आहे. तेलंगणात शिंदीची झाडे कमी होत गेली, दुकाने मात्र टिकली. मग पाण्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी गुंगीची औषधे मिसळून ‘कल्लू’ म्हणून विकली जाऊ लागली. २०१५ साली निजामाबादच्या भागात या भेसळीवर कारवाई होताच, सवय लागलेली माणसे भ्रमिष्टासारखी होऊन रुग्णालयांत दाखल झाली. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीच्या ताडीने माणसे दगावली. ज्याला पहाटेच्या शिंदीची चव ठाऊक आहे, त्याला असले पाणी पहिल्या घोटालाच ओळखू येते. आमच्या त्या वृद्ध गौडांनी ते नाकानेच बाजूला सारले असते. पण चव ओळखणारे सरले आणि केवळ गुंगी मागणारे उरले की भेसळ करणाऱ्याचे फावते. दोरूच्या खोऱ्यात एल्डरच्या रसाने जे केले, तेच येथे या गोळ्यांनी केले. तिकडे अडीचशे वर्षांपूर्वी झुडपे उपटली गेली. इकडे आपण अजून गोळ्या मोजतो आहोत.

काय करता येईल

निराश होण्याचे मात्र कारण नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले आणि २०१६ साली गोवा शासनाने तिला वारसा-पेय म्हणून मान्यता दिली. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले. पण त्याच्या बोंडापासून गोवेकराने जे घडवले, त्याला आता हद्दही आहे आणि नावही. नाशिककडे तर मराठी मातीत शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षांच्या तरतरीत पांढऱ्या वाइन २००० सालापासून होऊ लागल्या. महाराष्ट्र शासनाने २००१ साली त्यासाठी स्वतंत्र धोरणही आखले. ज्या समाजात वाइन परकी होती, त्याच्या मुलांनी एका पिढीत तिची परिभाषा आत्मसात केली. मग आपल्या शिंदीची परिभाषा, जी तयार आहे, ती जपणे अशक्य का असावे?

आम्ही काही मोठी योजना मांडत नाही. ती वृद्ध मंडळी अजून आहेत तोवर त्यांच्याकडून झाडांची, हंगामांची, जमिनीची आणि चवीची नावे लिहून घ्यावीत, तेलुगूत, गोंडीत आणि मराठीत, इतकेच आमचे म्हणणे आहे. ज्यांच्या घरात माळ आहे त्यांनीही हे काम करायला हरकत नाही. शब्द लिहून घेतल्याने नेम मोडत नाही. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना शिंदीच्या गुळाची, नीरेची किंवा पहाटेच्या मडक्याची आठवण असेल, तर ती या बुलेटिनकडे अवश्य पाठवावी.

ती रिकामी बाटली आमच्या फडताळात अजून आहे. कागदी शिक्का जागच्या जागी आहे. त्या माघानंतर दोन पावसाळ्यांनी ते वृद्ध गौड वारले. ओढ्याकाठची कोणती ईत गोड, हे त्यांनी आम्हांला सांगितले होते. पण लिहून घेण्याचे आम्ही पुढे ढकलले, आणि आता त्या ओळीतली झाडे पाहून ती कोणती, हे आम्हांला सांगता येत नाही.